पालक विचारतात : नेमकं अडलंय कुठे?

पहिली ते पाचवीच्या मुलांचा घरी अभ्यास कसा घ्यावा, याबद्दल आलेल्या पत्रांतून सहा निवडली आहेत. बहुतेक पत्रांत एक वाक्य ठरलेलं आहे : ‘त्याला काहीच येत नाही.’ असं सहसा नसतं. बरंचसं येत असतं, एखादी पायरी निसटलेली असते आणि पुढचं सगळं तिथे अडकलेलं असतं. म्हणून उत्तरांत आधी चूक शोधायची रीत दिली आहे, सराव त्यानंतर.

मुलगा तिसरीत आहे, शाळा जिल्हा परिषदेची. बाराखडी घडाघडा म्हणतो, पण धडा वाचताना ‘क-र-व-त’ असं एकेक अक्षर वाचतो. वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेला असतो. जोडाक्षर आलं की गाडी थांबलीच. काय करू?
— एक आई, वाई

बाराखडी येणं आणि वाचता येणं यांत बरंच अंतर आहे. आपण बोलताना ‘कर-वत’ म्हणतो, ‘सर-बत’ म्हणतो, ‘चिम-णी’ म्हणतो. चारही अक्षरं सुटी, प्रत्येकावर ‘अ’चा पूर्ण उच्चार करून वाचली, तर कानावर पडणारा शब्द मुलानं कधी ऐकलेलाच नसतो. त्याला करवत माहीत असते, पण आपण वाचलं ते करवत आहे हे त्याला कळत नाही. म्हणून ‘क ला काना का’ असा उच्चार करत वाचणं आता बंद करा. पेन्सिलीनं शब्दात बारीक रेघ मारून द्या : पाल/खी, खिड/की, कर/वत. आठवडाभर तुम्ही रेघा मारा, मग त्याला मारू द्या.

त्याआधी एक तपासणी. दुसरीच्या पुस्तकातला साधारण १०० शब्दांचा उतारा वाचायला द्या. मध्ये टोकू नका, चुकलेले शब्द वहीत जसे वाचले तसे लिहून ठेवा. पाचापर्यंत चुका झाल्या तर ते पुस्तक सरावाला बरोबर आहे. दहाच्या वर गेल्या तर पहिलीचं पुस्तक घ्या, आणि ‘तिसरीत येऊन पहिलीचं?’ हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही. मग चुका लावून बघा. भ-म, घ-ध, थ-य अशी अक्षरं उलटसुलट होतात, की मात्रा-वेलांट्या सुटतात, की फक्त जोडाक्षरं? तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. अक्षरांची गल्लत असेल तर दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं होऊ द्या, दुसरं आठवड्यानं घ्या.

रोज १५ मिनिटं पुरेत. चार-पाच ओळींचा उतारा घ्या. पहिल्यांदा तुम्ही बोट फिरवत वाचा, दुसऱ्यांदा दोघं बरोबर, तिसऱ्यांदा तो एकटा. अडला तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. बहुतेक पालक इथेच घाई करतात, आणि मूल पुस्तकाऐवजी तुमच्या तोंडाकडे बघायला शिकतं. तरीही नाही जमलं तर शब्द तोडून द्या, मग सांगून टाका, आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावा. दुसऱ्या दिवशी आधी कालचाच उतारा एकदा, मग नवा. शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, त्याला ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘ती तिथून का निघाली?’ असं काहीतरी विचारा.

जोडाक्षरांना क्रम आहे. आधी दुहेरी : गप्पा, पक्का, बत्ती, चिठ्ठी, ती कानाला स्पष्ट ऐकू येतात. मग अक्षराची उभी रेघ गाळून होणारी : म्हण, स्वर, त्यांचा. ‘र’ सगळ्यात शेवटी, कारण तो वेगवेगळ्या वेशांत येतो : ‘सूर्य’मधला रफार, ‘दऱ्या’मधला अर्धा र, ‘प्रकाश’मधला तिरका आणि ‘ट्रक’मधला खालचा. रफारात मुलं हमखास फसतात, कारण तो बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आणि उच्चारला जातो त्याच्या आधी. म्हणून ‘सूर्य’चं ‘सूयर’ होतं. टाळी वाजवून ‘सूर्-य’, ‘वर्-ग’, ‘सर्-प’ म्हणून घ्या. दर्या (समुद्र) आणि दऱ्या (डोंगरातल्या) ही जोडी दोन कार्डांवर लिहून रोज एकदा दाखवा. पहिल्यात ‘दर्’वर जोर येतो, दुसऱ्यात येत नाही.

झोपताना तुम्ही काही वाचून दाखवलंत तर ते या १५ मिनिटांत धरू नका, ते वेगळं. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यातलं वाचून दाखवायला भरपूर मिळेल.

तीन महिने नेमानं करूनही फरक दिसला नाही तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग अध्ययन अक्षमतेच्या (वाचण्या-लिहिण्यात किंवा गणितात सतत येणाऱ्या अडचणीच्या) तपासणीबद्दल शिक्षकांशी बोला. ही अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत सवलती मिळतात. ‘मोठा झाला की येईल’ म्हणत पाचवीपर्यंत थांबणं महागात पडतं.

मुलगी तिसरीत. बेरीज छान करते, वजाबाकीत सारखी चुकते. ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिते. रोज वीस उदाहरणं घालतो, तरी तेच.
— एक बाबा, परभणी

ती धांदरट नाही, तिचा एक नियम आहे आणि तो ती चोख पाळते आहे : मोठ्यातून लहान वजा करायचं. २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ७ मधून २ काढले, ५ उरले. ५ मधून २ गेले, ३ उरले. झाले ३५. वीस उदाहरणं घातल्यानं हा नियम वीस वेळा घोटला जातो. आठवडाभर ती थांबवा.

खराट्याच्या काड्या किंवा आइस्क्रीमच्या चमच्यांच्या दहा-दहाच्या जुड्या रबर लावून करा. ५२ म्हणजे पाच जुड्या आणि दोन सुट्या. तुम्ही २७ मागा. आधी सात सुट्या मागायच्या. तिच्याकडे दोनच आहेत. इथे काही सुचवू नका, थांबा. बहुतेक मुलं स्वतःच जुडीचं रबर काढतात. आता चार जुड्या आणि बारा सुट्या. सात दिल्या, पाच राहिल्या. दोन जुड्या दिल्या, दोन राहिल्या. उत्तर २५.

खरी गोम पुढे आहे. काड्यांचा खेळ आणि वहीतलं उदाहरण वेगवेगळ्या वेळी केलं तर मुलाच्या डोक्यात त्यांची गाठ पडत नाही. रबर सुटलं त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ करायचे आणि २ च्या जागी १२ लिहायचे. एक हात काड्यांवर, एक वहीवर. असं तीन-चार दिवस, रोज चारच उदाहरणं. मग काड्या डब्यात ठेवा, पण डबा समोर असू द्या. शेवटी पडताळा : २५ + २७ करून ५२ येतात का, हे तिनंच बघायचं. पडताळ्याची सवय लागली की ‘बरोबर का?’ म्हणून ती तुमच्याकडे वही घेऊन येणार नाही.

काड्यांनीही जमत नसेल तर एक पायरी खाली जा. १२ − ७, १५ − ८ ही तोंडी येतात का? नसतील येत तर अडचण तिथे आहे. दहाच्या जोड्या पक्क्या करून घ्या : ७ला ३, ६ला ४, ८ला २.

पुढचा खड्डा शून्याचा. ४०३ − १६८ मध्ये दशकाच्या घरात काहीच नाही, मग मुलं शतकातून थेट एककात दहा आणतात. याला काड्यांपेक्षा खेळण्यातल्या नोटा बऱ्या. शंभराच्या चार, रुपयाची तीन नाणी. शंभराची एक मोडली की दहाच्या दहा येतात, त्यातली एक मोडली की नऊ उरतात आणि नाणी होतात तेरा. आता १३ − ८ = ५, ९ − ६ = ३, ३ − १ = २. उत्तर २३५. तो ९ कुठून आला, हे नोटा मोडल्याशिवाय मुलांना पटत नाही.

मुलगी दुसरीत, राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमात. आम्हा दोघांचं शिक्षण मराठीत. शाळा म्हणते घरी इंग्रजी बोला. त्यात आजीनं ‘त्रेपन्न’ म्हटलं की ती ३५ लिहिते.
— एक आई, कोल्हापूर

घरी मराठीच बोला. अडखळत बोललेल्या इंग्रजीतून मुलाला ना इंग्रजी मिळतं, ना विषय. तुम्ही ज्या भाषेत ‘का’ आणि ‘कसं’ सहज समजावू शकता, तीच घरच्या अभ्यासाची भाषा. इंग्रजीसाठी रोज दहा मिनिटं तिच्या पुस्तकातलं एक पान मोठ्यानं वाचून घ्या, एवढं बस्स.

तुमच्यासाठी एक सोय आहे. बालभारती गणिताचं पुस्तक मराठीतही काढते आणि इंग्रजीतही, आणि दोन्ही ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. उद्या वर्गात होणारा पाठ आज तुम्ही मराठीतून वाचा, तिच्याशी मराठीतून बोला आणि त्यातले चार-पाच इंग्रजी शब्द तेवढे ओळखीचे करून द्या. केंद्रीय मंडळाच्या शाळांची पुस्तकं वेगळी असल्यानं त्यांना हे लागू नाही.

आता त्रेपन्न. मराठीत आधी तीन ऐकू येतात, मग पन्नास. लिहिताना आधी पाच येतो. इंग्रजी ‘फिफ्टी-थ्री’चा क्रम लिहिण्यासारखाच, त्यामुळे तिची जास्तच ओढाताण होते. बालभारतीनं २०१९मध्ये दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशी जोडवाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढं वादळ उठलं! पद्धत आवडो न आवडो, मुलांची अडचण खरीच होती.

उपाय शेपटीचा. संख्या ऐकली की आधी शेपूट धरायचं. ‘पन्न’ किंवा ‘वन्न’ असेल तर ५ लिहायचा, ‘सष्ट’ला ६, ‘हत्तर’ला ७, ‘ण्णव’ला ९. मग डोकं : ‘बा’ला २, ‘त्रे’ला ३. एका दिवशी एकच शेपूट. बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, पासष्ट एकत्र घ्या. ‘एकोण’च्या संख्या निराळ्या काढा, कारण एकोणसाठमध्ये ‘साठ’ ऐकून मुलं ६१ लिहितात. साठाला एक कमी, हे संख्यारेषेवर बोट ठेवून दाखवा. आणि ९९ला ‘एकोणशंभर’ म्हणत नाहीत, नव्व्याण्णव म्हणतात, हेही सांगून ठेवा, कारण हुशार मूल हमखास विचारतं. सरावाला किराण्याची पावती उत्तम. आजीनं रक्कम म्हणायची, हिनं बोट ठेवायचं.

चौथीतला मुलगा पाढे धडाधड म्हणतो, पण ‘सात आठे किती?’ विचारलं की ‘सात एके सात’पासून सुरू करतो.
— एक आजोबा, चिपळूण

पाढा त्याला गाण्यासारखा पाठ आहे, मधूनच उचलता येत नाही. पाठांतर वाया गेलेलं नाही, फक्त आता मधूनच विचारायला सुरुवात करा. २, ५ आणि १० हे पाढे मुलांना लवकर येतात, ३ आणि ४चेही फार नडत नाहीत. ‘सात चोक’ आणि ‘चार सत्ते’ एकच, हे पटलं की अवघड अशा दहाच जोड्या उरतात : ६ × ६, ६ × ७, ६ × ८, ६ × ९, ७ × ७, ७ × ८, ७ × ९, ८ × ८, ८ × ९, ९ × ९. दहा कार्डं करा, पुढे गुणाकार, मागे उत्तर. रोज तीन घ्या, त्यातलं एक जुनं. अधूनमधून उलटं विचारा : ‘छपन्न कुणाकुणाचे?’ पुढे भागाकाराला हेच कामाला येतं. पावकी-निमकीचा (पाव आणि अर्ध्याच्या पाढ्यांचा) आग्रह मात्र सध्या नको, आजोबा. अपूर्णांक पक्के झाले की त्याला त्यात मजा येईल.

दोघंही आठ वाजता घरी येतो. गृहपाठाला दोन तास लागतात, रोज रडारड. मुलगा चौथीत.
— आई-बाबा, डोंबिवली

दोन तास लागतात तेव्हा गृहपाठ तरी जास्त असतो किंवा अवघड तरी. २०२०च्या केंद्रीय दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं सांगितलं आहे. तुमच्याकडे एका दिवसात तेवढे होतात. एक आठवडा रोजची वेळ वहीत लिहा आणि ती वही घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. आकडे दाखवले की बोलणं मुद्द्यावर राहतं.

घरी रीत अशी ठेवा. गृहपाठातला प्रश्न त्यानं मोठ्यानं वाचायचा आणि काय करायचंय ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. पहिलं उदाहरण दोघांनी मिळून. मग तुम्ही उठून पोळ्या लाटायला जा. शेजारी बसून राहिलात तर तो प्रत्येक ओळीला तुमच्याकडे बघणार. २५-३० मिनिटं झाली की वही बंद, उरलेल्या जागी ‘एवढा वेळ बसला, इथपर्यंत झालं’ असं लिहून सही करा. चुका खोडून बरोबर करून देऊ नका, समासात टिंब द्या. तुम्ही वही निर्दोष करून पाठवली तर बाईंना वाटतं त्याला येतंय, आणि त्या पुढे जातात. साडेनऊनंतर अभ्यास अजिबात नको. पेंगुळलेल्या मुलाला शिकवलेलं सकाळी आठवत नाही, रडलेलं तेवढं आठवतं.

रोज एक पान शुद्धलेखन घेतो. अक्षर सुधारत नाही, ऱ्हस्व-दीर्घही सुधारत नाही.
— एक बाबा, मडगाव

एका पानात पहिल्या तीन ओळी बऱ्या येतात, पुढे हात दुखतो. पाच ओळी पुरेत. पुस्तक उघडं ठेवून एकेक अक्षर उतरवणं बंद करा. चार शब्द बघायचे, पुस्तक झाकायचं, लिहायचे, पुन्हा उघडून ताडून बघायचे. अक्षर डोळ्यांत धरून ठेवावं लागलं की ऱ्हस्व-दीर्घ आपोआप सुधारू लागतं.

नियम दोनच सांगा. शब्दाच्या शेवटी आलेली इ किंवा उ दीर्घ : पाटी, कवी, गुरू, वाळू. ‘आणि’, ‘परंतु’ हे अपवाद. दुसरा, फूल-मूल-गरीब यांत दीर्घ, पण पुढे ‘ला’, ‘ने’ लागलं की ऱ्हस्व : फुलाला, मुलाने, गरिबाला. हा दुसरा नियम चौथीच्या आधी सांगू नका. अक्षरासाठी मधल्या रेघांची वही आणि बोथट न झालेली पेन्सिल एवढंच लागतं. पेन्सिल फार घट्ट धरत असेल तर त्याच्या हातात पोळीची कणीक मळायला द्या, बोटांत ताकद येईल.