दोन बोर्डांवर कार्ड-डिटेक्टची (सॉकेटमध्ये कार्ड आहे का ते सांगणारी) पिन एकमेकींच्या उलट. एसडी ड्रायव्हर एकच ठेवावा की दोन?

तुमचा प्रश्न मला असा समजला: कंट्रोलर तोच आहे, पण जुन्या बोर्डावर कार्ड आत गेलं की डिटेक्टची पिन लो होते आणि नव्यावर हाय. शिवाय नव्यावर मायक्रोएसडीचं सॉकेट आहे, त्यामुळे राइट-प्रोटेक्टची (कार्डावर लिहायला बंदी आहे का ते सांगणारी) पिनच नाही. सध्या ड्रायव्हरमध्ये इफडेफ (कंपाइल करतानाच बोर्डानुसार कोड निवडायची अट) टाकून भागवलंय, आता तिसरा बोर्ड येतोय.

दोन ड्रायव्हर करू नका, आणि इफडेफही काढा. इफडेफ म्हणजे प्रत्येक बोर्डाचं वेगळं कर्नल. एक दिवस कोणीतरी चुकीची इमेज फ्लॅश करणार, आणि रिकाम्या सॉकेटमध्ये कार्ड आहे असं समजून ड्रायव्हर कमांडमागून कमांड पाठवत बसणार.

आधी तुमचं गेट-सीडी (सीडी म्हणजे कार्ड-डिटेक्ट) फंक्शन उघडून बघा. ते 'पिन लो आहे का?' असं विचारत असेल तर गोंधळाचं मूळ तिथेच आहे. ड्रायव्हरला फक्त 'कार्ड आहे का?' एवढंच कळायला हवं. लो म्हणजे आहे की हाय म्हणजे आहे, ही बोर्डाची गोष्ट आहे आणि लिनक्समध्ये तिची जागा डिव्हाइस ट्रीत, म्हणजे बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीत. (प्रॉपर्टींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. डब्ल्यूपी म्हणजे राइट-प्रोटेक्ट, जीपीआयओ म्हणजे कशालाही वापरता येणारी साधी पिन.) बस-विड्थ, सीडी-जीपीआयओज, सीडी-इन्व्हर्टेड, डब्ल्यूपी-इन्व्हर्टेड, ब्रोकन-सीडी, नॉन-रिमूव्हेबल हे सगळं एमएमसी कोअरमधलं (कर्नलमधला सगळ्या कार्ड ड्रायव्हरांचा सामायिक कोड) एमएमसी-ओएफ-पार्स फंक्शन वाचून देतं. प्रोबमध्ये (ड्रायव्हर सुरू होताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ते बोलवा आणि त्याने एरर दिली तर ती तशीच परत करा. डिटेक्टची तार आयटूसी बसवरच्या एक्स्पांडरला (जास्तीच्या पिना देणाऱ्या चिपला) जोडलेली असेल आणि तो अजून जागा झाला नसेल, तर इथूनच प्रोब-डिफर ('नंतर पुन्हा प्रयत्न कर' ही एरर) येतं. ते गिळून टाकलंत तर एखाद्या बूटला कार्ड दिसेल, एखाद्याला नाही.

आता खरी मेख. डिटेक्टची तार दोन प्रकारे येऊ शकते: कंट्रोलरच्या स्वतःच्या पिनवर, किंवा साध्या जीपीआयओवर. जीपीआयओ असेल तर दिशा दोन ठिकाणी सांगता येते: जीपीआयओच्या अ‍ॅक्टिव्ह-लो (पिन लो म्हणजे 'हो') फ्लॅगने आणि सीडी-इन्व्हर्टेडने. बाइंडिंगनुसार, म्हणजे या प्रॉपर्टींच्या लिखित नियमांनुसार, या दोन्हींचा एक्सऑर होतो (दोनदा उलटलं की पुन्हा मूळ). म्हणजे अ‍ॅक्टिव्ह-लो न लावता (हे एकदा उलटणं) सीडी-इन्व्हर्टेड लिहिलं, तर दोनदा उलटून गाडी पुन्हा नेहमीच्या, म्हणजे लोवर कार्ड असलेल्या, दिशेला येते. हे माहीत नसलं की माणूस 'चालत नाही, अजून एक उलटं लावू' करत तासभर घालवतो. मी घालवलाय. जीपीआयओ असेल तर फ्लॅगनेच दिशा सांगा आणि इन्व्हर्टेडला हात लावू नका. ड्रायव्हरमध्येही एमएमसी-जीपीआयओ-गेट-सीडी वापरा. रॉ व्हॅल्यू वाचून हाताने उलटवायला गेलात की सिग्नल तिसऱ्यांदा उलटतो.

कंट्रोलरची स्वतःची पिन असेल तर गोष्ट वेगळी. तिथे सीडी-इन्व्हर्टेडमुळे कोअर फक्त एक कॅपॅबिलिटी फ्लॅग लावून ठेवतं. रजिस्टरमधून आलेला बिट त्या फ्लॅगप्रमाणे उलटवणं तुमच्या ड्रायव्हरचं काम आहे. ते लिहिलं नसेल तर ट्रीत काहीही लिहा, फरक पडणार नाही.

राइट-प्रोटेक्टवर मी चांगलाच आपटलोय. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेचं ते सरकतं बटण पूर्णपणे यांत्रिक असतं. कार्डाला स्वतःला त्याचा पत्ता नसतो, सॉकेटमधला स्विच ते वाचतो. मायक्रोएसडीला ते बटणच नाही. आमच्या मायक्रोएसडीच्या बोर्डावर कंट्रोलरची ती पिन कशालाच न जोडता सोडली होती आणि कार्ड रीड-ओन्ली माउंट व्हायचं. मी डब्ल्यूपी-इन्व्हर्टेड टाकलं, माझ्या टेबलावर चाललं, मी खूश. दोन दिवसांनी शेजारच्या टेबलावरचं तसंच बोर्ड रीड-ओन्ली झालं. तरंगत्या पिनला दिशा नसतेच, ती त्या दिवशी माझ्या बाजूने होती इतकंच. तिथे डिसेबल-डब्ल्यूपी हवं होतं. पण ही प्रॉपर्टी कंट्रोलरमध्ये राइट-प्रोटेक्ट ओळखायची सोय असेल तरच लिहायची. तुमच्याकडे ते काम जीपीआयओवर चालत असेल तर नव्या बोर्डाच्या ट्रीत डब्ल्यूपी-जीपीआयओज लिहूच नका, बास.

डिटेक्टची तारच नसेल तर ब्रोकन-सीडी. मग कोअर साधारण दर सेकंदाला कार्ड आहे का बघत राहतं. सोल्डर केलेल्या ईएमएमसीलाही (बोर्डावरच बसवलेल्या फ्लॅश मेमरीलाही) काही जण हेच लावतात. तिथे नॉन-रिमूव्हेबल हवं. सिग्नलचा व्होल्टेज ३.३ वरून १.८ करण्याची सोय बोर्डावर नसेल तर नो-१-८-व्ही. पिनमक्स (कोणत्या पिनला कोणतं काम) आणि ड्राइव्ह स्ट्रेंग्थचे (पिन किती जोर लावते त्याचे) फरक पिनकंट्रोलच्या नोडमध्ये जातात, ड्रायव्हरला ते कळायचं कारण नाही. कॉम्पॅटिबल स्ट्रिंगला (ट्रीतलं जे नाव बघून ड्रायव्हर निवडला जातो त्याला) डेटा जोडून बोर्ड ओळखायचा मोह होईल, पण ती सोय कंट्रोलरच्या आवृत्त्यांसाठी ठेवा.

ट्रीत काही लिहिण्याआधी मल्टिमीटर घ्या. कार्ड आत आणि कार्ड बाहेर असताना पिनवरचा व्होल्टेज मोजून कागदावर लिहा. मग जीपीआयओ असेल तर डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइलसिस्टिममधल्या) जीपीआयओ फाइलशी ताडून बघा. स्टँडर्ड एसडीएचसीआय (एसडी कंट्रोलरच्या रजिस्टरांचं प्रमाणित स्वरूप) असेल तर ०एक्स२४ वरचं प्रेझेंट स्टेट रजिस्टर वाचा: बिट १६ कार्ड आहे की नाही, बिट १८ डिटेक्ट पिनची स्थिती, बिट १९ राइट-प्रोटेक्टची. १९ मध्ये १ म्हणजे लिहायला परवानगी, ० म्हणजे बंदी. नाव वाचून नेमकं उलटं वाटतं.

तिसऱ्या बोर्डाचं स्किमॅटिक आलं की सॉकेटपासून प्रोसेसरपर्यंत डिटेक्टची तार बोटाने धरून जा. मध्ये इन्व्हर्टर म्हणून लावलेला ट्रान्झिस्टर असेल तर सिग्नल तिथे एकदा उलटतो, आणि सॉकेटच्या डेटाशीटमध्ये त्याचा उल्लेख असणार नाही.