चेलोवरची मींड

चि. ...स अनेक आशीर्वाद.

तुझी रचना तीनदा ऐकली. सतार गोड आहे, व्हायोलिनंही सुरेल आहेत, पण दोघांची ओळखच झालेली नाही. तेव्हा मला मोरिस दलाज हा फ्रेंच संगीतकार आठवला. फ्रान्समध्येही बहुतेकांना तो राव्हेल या मोठ्या संगीतकाराचा शिष्य एवढाच माहीत असतो.

जन्म १८७९चा. संगीताकडे वळला तोच उशिरा. १९१२मध्ये तो भारतात आला आणि त्या प्रवासातून त्याची चार गाणी झाली : मद्रास, लाहोर, बनारस, जयपूर. दोन गाण्यांचे शब्द भर्तृहरीचे, ज्याला आपण वामन पंडितांच्या मराठीतून ओळखतो. ‘लाहोर’ला मात्र हाइने हा जर्मन कवी : बर्फात एकटं उभं असलेलं झाड दूरच्या ताडाचं स्वप्न बघतं.

हे ‘लाहोर’ तू आधी ऐक. सुरुवातीला चेलोवादक (चेलो म्हणजे व्हायोलिनचा खर्जातला थोरला भाऊ) गज बाजूला ठेवतो, बोटानं तार छेडतो आणि आस विरायच्या आत डावं बोट घसरवत पुढच्या सुरावर नेतो. मींडच ती! सतारिये इमदाद खाँ, म्हणजे विलायत खाँसाहेबांचे आजोबा, यांच्या जुन्या तबकडीशी हा भाग जुळतो असं अभ्यासक सांगतात. पुढे गायिका शब्द सोडते, ओठ मिटून गाते. गायिकेच्या साथीला वादक दहाच. सतार कुठेही नाही, आणि तरी मला ती ऐकू येते.

‘रागमालिका’ या पियानोच्या रचनेत तर त्यानं एका सुराच्या तारेला पुठ्ठा लावायला सांगितलंय, ढोलासारखा बद्द आवाज यावा म्हणून. हे मला फार आवडतं. हा माणूस नुसती चाल उचलत नव्हता; तो आवाज कशातून निघतो, हे शोधत होता.

ही चार गाणी जानेवारी १९१४मध्ये पॅरिसमध्ये पहिल्यांदा झाली, त्याच मैफलीत राव्हेल आणि रशियन संगीतकार स्त्राविन्स्की यांच्याही नव्या रचना होत्या. १९६१मध्ये दलाज गेला. एकूण लिहिलं थोडंच. तू वर्षाला दहा रचना संपवायच्या म्हणतेस, ते राहू दे.

या आठवड्यात सतारीचा ट्रॅक काढून टाक. एखाद्या चेलोवादकाकडे जा, तुझी पहिली ओळ त्याला नोटेशन न देता गाऊन दाखव, आणि त्याचं डावं बोट कुठे अडतं ते बघ. रेकॉर्डिंग पाठव, कच्चं असलं तरी.

तुझा,
काका