धावायच्या आधी स्ट्रेचिंग केलं की पायातली ताकद कमी होते का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पोलीस भरतीची तयारी करायलात, ग्राउंडवर गेलं की आधी खाली बसून वीस मिनिटं पाय ताणता आन मग १०० मीटर मारताना पाय ढिले पडल्यासारखे वाटतात, पोरं म्हणतात तो मनाचा खेळ आहे. मनाचा खेळ नाही, तुम्हाला वाटायलंय ते खरं आहे.

पायाचा अंगठा धरून आकडे मोजत बसायचं जे स्ट्रेचिंग असतं ना, ते एका स्नायूला मिनिटभराच्या वर केलं की लगेच नंतर त्या स्नायूचा जोर सरासरी ४-५ टक्के कमी भरतो. ३० सेकंदांच्या आत सोडलं तर फरक जवळजवळ नाहीच. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या एका प्रयोगात (२००० साली छापून आला) पोटरी थांबून थांबून एकूण अर्धा तास ताणली तर ताकद लगेच २८ टक्के घटली, आन तासाभरानं मोजली तरी ९ टक्के कमीच. एवढं कुणी ताणत नाही हे मान्य, पण १०० मीटरला १५ मार्क आहेत, तिथं जरासा वेळ गेला तरी मार्क जातो.

असं होतं कशामुळं, तर एक म्हणजे मेंदूकडून स्नायूला येणारा हुकूमच थोडा वेळ कमी जोरात येतो, आन दुसरं म्हणजे स्नायू आन त्याला हाडाशी जोडणारी शीर सैल पडते. कासरा ढिला असला की कितीही झटका द्या, आधी ढील निघते आन मग बैलाला कळतं, तसंच. स्टार्टला आन गोळा फेकताना सगळं काम त्या झटक्याचं असतं म्हणून तिथं जास्त मार बसतो, १६०० मीटरला एवढा नाही.

मी पण आधी तुमच्यासारखंच करायचो. मग एकदा ग्राउंडच्या कंपाउंडच्या भिंतीवर बोटाला खडू लावून उडी मारून खूण केली, नंतर पोटऱ्या आन मांड्या दोन-दोन मिनिटं ताणल्या आन लगेच परत उडी मारली तर खूण दोन बोटं खाली. थकलो असंन म्हणून दुसऱ्या दिवशी परत केलं, तरी खालीच. त्या दिवसापासून पळायच्या आधी बसून ताणणं बंद केलं.

आता करायचं काय? आधी सात-आठ मिनिटं हळू जॉगिंग, अंगाला घाम फुटला पाहिजे, कारण स्नायू गरम झाला की तो आपोआप जास्त जोर लावतो. मग हालचालीतलं स्ट्रेचिंग, म्हणजे भिंतीला हात टेकून पाय पुढं-मागं झुलवणं, हाय नी (गुडघे कमरेपर्यंत उचलत पळणं), टाचा मागं मारत पळणं, चालत लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघा वाकवत खाली जाणं). शेवटी ५०-६० मीटरच्या तीन पळी, पहिली निम्म्या जोरात, शेवटची जवळपास फुल, आन तीन-चार मिनिटं दम खाऊन मग खरी मारायची. गोळ्याच्या आधी खांदे आन मनगटं फिरवून घ्या, ७.२६० किलोचा गोळा थंड खांद्यानं उचलू नका. एखादी जागा लयच आखडली असंल तर १५-२० सेकंद ताणा, पण त्याच्यानंतर परत उड्या, पळी झालीच पाहिजे, मग तोटा राहत नाही.

स्ट्रेचिंग सोडू मात्र नका हं. बसून ताणायचं ते संध्याकाळी, प्रॅक्टिस झाल्यावर, निवांत करा, लवचिकता त्यानं वाढते.

आन खरी गडबड भरतीच्या दिवशी होते. पहाटे चारला लाइनीत बसवतात, नंबर यायला दोन-तीन तास लागतात, डिसेंबरात आपल्या परभणीकडची थंडी तर तुम्हाला माहीतच आहे, आन पोरं वेळ जात नाही म्हणून तिथंच पाय ताणत बसतात. तसं करू नका. स्वेटर, ट्रॅकपँट अंगावरच ठेवा, आपल्या आधी वीस-पंचवीस नंबर राहिले की उभं राहून जागेवर जॉगिंग आन पाय झुलवणं सुरू करा, आन कपडे अगदी शेवटी, नाव पुकारल्यावर काढा.