पळते इंडिकेटर जुन्या गाडीला बसतील का?

प्रश्न: गाडी जुनी आहे, मागे साधे बल्ब. आतून बाहेर पळत जाणारे इंडिकेटर हवेत म्हणून एलईडी पट्टी लावली, तर टिकटिक एकदम फास्ट व्हायला लागली. काय चुकलं?

उत्तर: चुकलं काही नाही हो, फ्लॅशर रिलेला (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) २१ वॅटच्या बल्बचा करंट लागतो, एलईडी अगदी थोडा ओढते म्हणून त्याला वाटतं बल्ब उडालाय. लोक बल्बइतका करंट ओढायला ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर लावतात, चालतं, पण तो इतका तापतो की प्लॅस्टिकला टेकला तर ते वितळतं, पत्र्यावरच स्क्रूने घट्ट बसवा. माझं मत विचाराल तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक रिलेच घ्या. आणि ब्रेक नि इंडिकेटर एकाच बल्बवर असतील तर आधी ते बघा, नाहीतर ब्रेक दाबल्यावरही दिवे एकामागून एक लागतील आणि मागच्याला उशिरा कळेल, हे खरंच धोक्याचं आहे. ब्रेक आणि इंडिकेटर वेगळे ओळखणारं मॉड्यूल मिळतं. पळत्या इंडिकेटरची हौस जुनीच आहे बरं, १९६५ च्या फोर्ड थंडरबर्ड गाडीत दिवे एकामागून एक लावायचं काम छोटी मोटर करायची.