नाटोसारख्या लष्करी युत्या नव्या धोक्यांसाठी आपलं सामायिक संरक्षण कसं बदलतात? कलम ५ आता कालबाह्य झालंय का?

कलम ५ म्हणजे नाटोच्या करारातला तो नियम, की एका सदस्य देशावरचा सशस्त्र हल्ला हा सगळ्यांवरचा हल्ला मानायचा. मी लष्करातला नाही. सव्वीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, शेवटची नऊ चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी म्हणून. तरी उत्तर लिहायला बसलो, कारण बाल्टिक समुद्रात या युतीला गेली दोन-तीन वर्षं सगळ्यात जास्त घाम फोडलाय तो जहाजाच्या नांगरानं. आणि नांगर हा माझा दुखरा विषय आहे.

२५ डिसेंबर २०२४, ऐन नाताळ. फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी समुद्राखालची वीजवाहिनी, एस्टलिंक २, अचानक बंद पडली. सोबत दूरसंचाराच्या चार केबलही गेल्या. वरून नुकताच 'ईगल एस' हा टँकर गेला होता, रशियाच्या उस्त-लुगा बंदरातून तेल भरून. फिनलंडनं हेलिकॉप्टरमधून त्याच्यावर माणसं उतरवली आणि जहाज आपल्या हद्दीत आणलं. नांगर गायब. तपासात निघालं की तो समुद्रतळावरून सुमारे ९० किलोमीटर ओढला गेला होता. जहाजावरच्या लोकांचा बचाव असा, की नांगर बिघाडामुळे सुटला आणि कोणाला कळलंच नाही.

आता माझी गोष्ट. जानेवारीतली रात्र, उत्तर समुद्र, जहाज रिकामं, म्हणजे बॅलास्टवर: माल नाही, तोल राखायला टाक्यांत नुसतं पाणी. रिकामं जहाज समोरच्या लाटांत नाक आपटत चालतं. एकेका आपटीला भांडी वाजतात. पहाटे चार ते आठचा वॉच, म्हणजे जहाज चालवायची पाळी, माझा. पाचनंतर केव्हातरी लक्ष गेलं तर वेग अकरा नॉटवरून आठवर आलेला. मी मनात म्हटलं, हवामान. तेवढ्यात इंजिनरूमचा फोन. सेकंड इंजिनिअर विचारतोय, लोड का चढतंय? मी म्हटलं, वारा समोरून आहे. तो म्हणाला, "वारा रात्रीपासून आहे साहेब, लोड आत्ता चढलंय."

पोटात गोळा आला. वेग उतरवला, कॅप्टनला उठवलं, जहाज वळवून पुढच्या डेकला जरा आडोसा केला आणि बोसनला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला घेऊन पुढे गेलो. टॉर्च मारला तर ओल्या डेकवर गंजाचा तांबडा चिखल, ब्रेक लायनिंग जळल्याचा वास, आणि विंडलासवरून, म्हणजे नांगर ओढायच्या यंत्रावरून, खाली गेलेली साखळी. ताठ. दर लाटेला कण्हत होती. पाच शॅकल बाहेर, म्हणजे जवळजवळ १३७ मीटर, आणि तिच्या टोकाला सात टनांचा नांगर. बांधायची तार तुटलेली. साखळीवर आडवा पडतो तो लोखंडी बार उचललेलाच होता, कोणी टाकलाच नव्हता.

निघण्याआधीच्या चेकलिस्टवर 'नांगर बांधला' या ओळीपुढे सही माझी होती. मी पुढे जाऊन पाहिलं नव्हतं. बोसन वॉकीटॉकीवर "हो गया साब" म्हणाला आणि मी टिक केली. चौकशीनंतर कंपनीनं बोसनला घरी पाठवलं, मला लेखी ताकीद दिली. मी काही बोललो नाही.

माझा एक बॅचमेट आज कॅप्टन आहे. 'ईगल एस'चं प्रकरण झाल्यापासून आमच्या ग्रुपवर तो हाच किस्सा काढतो. म्हणतो, नाविकांना बळीचा बकरा करतायत. तुला कळायला वीस मिनिटं लागली, त्यांना पाच तास लागले असतील. अरे बाबा, दहा नॉट, म्हणजे तासाला साधारण साडेअठरा किलोमीटर वेग धरला तरी ९० किलोमीटरला पाच तास होतात. पाच तासांत वॉच बदलतो. नवा माणूस ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या खोलीत आला की सगळ्यात आधी वेग आणि पोझिशन बघतो. खाली इंजिनवाले झोपलेले असतात का?

असो. तुमचा प्रश्न.

युती बदलते ती मार खाल्ल्यावर. २००७ मध्ये एस्टोनियाच्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी संकेतस्थळं सायबर हल्ल्यांनी आठवडेच्या आठवडे लुळी पडली. पुढच्या वर्षी टॅलिनमध्ये सायबर संरक्षणाचं केंद्र निघालं. पण सायबर हल्ल्यावरूनही कलम ५ लागू होऊ शकतं, हे जाहीर म्हणायला नाटोची २०१४ ची वेल्सची बैठक उजाडली. २०१६ मध्ये सायबर हे युद्धाचं क्षेत्र म्हणून जमीन, समुद्र, आकाश यांच्या पंक्तीला बसलं, २०१९ मध्ये अंतराळ. कलम मात्र १९४९ चंच आहे. त्यात प्रत्येक देशानं 'आवश्यक वाटेल ती' कृती करावी, एवढंच म्हटलंय. लोक याला पळवाट म्हणतात. मला त्यातच शहाणपण दिसतं, कारण या ढिलाईमुळेच नवा धोका जुन्या कागदात मावतो. आजवर ते एकदाच वापरलं गेलं, २००१ मध्ये, अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर. त्यामुळे कालबाह्य म्हणू नका.

समुद्रातल्या केबलींच्या बाबतीत युती त्या मानानं लवकर हलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाल्टिककनेक्टर ही गॅसवाहिनी फाटली, नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन केबल तुटल्या, मग हा नाताळ. १४ जानेवारी २०२५ ला 'बाल्टिक सेंट्री' ही नाटोची गस्तमोहीम जाहीर झाली: युद्धनौका, गस्ती विमानं, सागरी ड्रोन. सप्टेंबर २०२५ मध्ये पोलंडमध्ये रशियन ड्रोन घुसले तेव्हा पोलंडनं सल्लामसलतीचं कलम ४ काढलं आणि काही दिवसांत पूर्व सीमेवर तशीच मोहीम उभी राहिली. पण स्वस्तातले ड्रोन पाडायला एफ-३५ सारखं महागडं लढाऊ विमान उडवायचं, हा हिशेब फार दिवस चालणारा नाही. २०२५ च्या हेग बैठकीत जीडीपीच्या ५ टक्के खर्चाचं ठरलं. त्यातला १.५ टक्का महत्त्वाच्या सुविधांचं रक्षण, नेटवर्क, नागरी सज्जता अशा गोष्टींसाठी आहे. मला विचाराल तर खरा बदल या दीड टक्क्यात आहे.

घोडं अडलंय कायद्यात. 'ईगल एस'च्या कॅप्टनवर आणि दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या न्यायालयानं तो फेटाळला: नुकसान फिनलंडच्या सागरी हद्दीबाहेर झालं, म्हणून अधिकार जहाजाच्या झेंड्याच्या देशाला, म्हणजे जिथे त्याची नोंदणी आहे त्या देशाला, नाहीतर आरोपींच्या मायदेशांना. झेंडा प्रशांत महासागरातल्या कुक बेटांचा. मायदेश जॉर्जिया आणि भारत. आता कुक बेटांवर कोण हा खटला चालवणार? म्हणून माझा सल्ला: युद्धनौका मोजत बसू नका. समुद्री कायदा वाचा. कोणाला कुठे जहाज थांबवता येतं, झडती कोण घेऊ शकतं, आणि नांगराच्या चेकलिस्टवरच्या सहीला न्यायालयात किती किंमत आहे, ते बघा. ज्यानं सही केली त्याला आधी विचारा, बोसनला नंतर.

एक सांगायचं राहिलं. 'ईगल एस'च्या लोकांवर गुन्हा सिद्ध झालेला नाही. आणि जानेवारी २०२५ मध्ये लाटव्हिया आणि स्वीडनमधली केबल तुटली तेव्हा स्वीडननं 'वेझेन' हे जहाज पकडलं होतं. तपासाअंती खराब हवामान, सदोष सामान आणि ढिसाळ नाविकी ही कारणं निघाली, घातपात नाही. म्हणजे नांगर आपोआप सुटतो. माझा सुटला होता, मी नाही कसं म्हणू? माझं भांडण फक्त त्या पाच तासांशी आहे.

बॅचमेट हे वाचणार, म्हणून त्याच्यासाठी: वीस नव्हे, सतरा मिनिटं. पाच वाजून चार मिनिटांनी लोड चढायला लागलं, पाच एकवीसला मी वेग उतरवला. इंजिनरूमच्या लॉगबुकातल्या त्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे आहे. चेकलिस्टचीही आहे.