अमेरिकेतल्या मध्यम शहरांपैकी कुणाची स्कायलाइन, म्हणजे लांबून दिसणारी उंच इमारतींची रांग, सर्वांत देखणी? कोलंबस, सिनसिनाटी, क्लीव्हलंड की पिट्सबर्ग?

एका शब्दात सांगायचं तर पिट्सबर्ग. ते शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं, बाकी तिन्ही ओहायोतली. मी गेली नऊ वर्षं ओहायोची राजधानी कोलंबसला राहतोय, त्यामुळे हे लिहिताना घरच्यांशीच फितुरी केल्यासारखं वाटतं, पण इलाज नाही.

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी कोलंबसला येताय, शनिवार-रविवार गाडी काढून आसपासची शहरं बघायचीत, आणि लोकसंख्येच्या यादीत कोलंबस या चौघांत सगळ्यात मोठं असूनही फोटोत एवढं बारकं का दिसतं हे कळत नाहीये. आधी ती यादी बाजूला ठेवा. 2020च्या जनगणनेत कोलंबस 9 लाखांवर आहे, क्लीव्हलंड पावणेचार लाखांच्या आसपास, सिनसिनाटी आणि पिट्सबर्ग 3 लाखांच्या किंचित पुढे. पण हे आकडे महापालिकेच्या हद्दीतले. कोलंबसनं 1950च्या दशकापासून एकच हेका धरला: आमचं पाणी आणि सांडपाण्याची लाइन हवी असेल तर आमच्या हद्दीत या. हद्द फुगत गेली. पिट्सबर्गची हद्द आजही कोलंबसच्या जेमतेम पावपट आहे. उपनगरं धरून मोजलंत तर चारही शहरं वीस लाखांच्या पुढची, म्हणजे साधारण एकाच मापाची.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते जमिनीत. स्कायलाइन बघायची तर आधी उभं राहायला जागा लागते. कोलंबसकडे इमारती आहेत, ती जागा नाही. सगळं सपाट. हायवेवरून येताना डाउनटाउन लांबून दिसतं, पण पाटावर वाट्या मांडून ठेवल्यासारखं. शिवाय इथला पैसा सरकारी आणि विमा कंपन्यांचा, आणि तो तसाच दिसतो. सगळ्यात उंच इमारत म्हणजे 1974चा ऱ्होड्स टॉवर, 629 फूट, राज्य सरकारची कार्यालयं. तिच्याकडे बघून कुणाला कविता सुचली असेल असं वाटत नाही. खरी देखणी आहे ती 1927ची लव्हेक टॉवर. तीही मुळात एका विमा संस्थेचीच, पण त्या काळच्या आर्ट डेको शैलीची, अंगभर नक्षी, आणि उंची वॉशिंग्टन मॉन्युमेंटपेक्षा जराशी का होईना जास्त राहील अशा हिशेबानं 555 फुटांच्या वर नेलेली. 2013 साली शहरातून वाहणाऱ्या सायोटो नदीवरचा एक जुना बंधारा काढला, पात्र अरुंद झालं, दोन्ही काठांवर बागा आल्या. आता संध्याकाळी पश्चिम काठावर, सायन्स म्युझियमच्या पुढ्यात बसलं की आमचं गावही बरं दिसतं. पाहुणे आले की मी तिथेच नेतो आणि दुसरीकडून दाखवायचं टाळतो.

क्लीव्हलंडचं उलट आहे. इमारती दणदणीत, पण मोजक्याच. पब्लिक स्क्वेअरभोवती तीन उंच माना: 1930चा टर्मिनल टॉवर 708 फूट, 1985चं 200 पब्लिक स्क्वेअर 658 फूट आणि 1991चा की टॉवर 947 फूट. शेवटचा ओहायोतला सगळ्यात उंच. तो सेझार पेलींचा, क्वालालंपूरचे पेट्रोनास टॉवर ज्यांनी केले तेच. टर्मिनल टॉवर तर 1964पर्यंत न्यूयॉर्क सोडल्यास अख्ख्या उत्तर अमेरिकेत सगळ्यात उंच होता. आज हे वाचून खरं वाटत नाही, पण त्या काळी क्लीव्हलंडकडे तेवढी ऐपत होती. अलीकडे शेरविन-विल्यम्स या रंगाच्या कंपनीचं मुख्यालय चौथं येऊन उभं राहिलंय, त्यानं पश्चिमेकडची रिकामी बाजू भरली. बघायचं असेल तर एजवॉटर पार्कला, एरी सरोवराच्या काठावर जा. हिवाळ्यात जाऊ नका. सरोवरावरून येणारा वारा कानशिलात वाजवतो.

सिनसिनाटी मात्र मोठी चलाख. ओहायोतल्या या शहराचं रूप ओहायोतून दिसतच नाही, त्यासाठी नदी ओलांडून शेजारच्या केंटकी राज्यात जावं लागतं. त्यांचा विमानतळही केंटकीतच. तिथून गाडीनं येताना डोंगर कापून काढलेल्या उतारावरून हायवे खाली येतो, एक वळण घेतो, आणि समोर अख्खं शहर, नदी, पूल एकदम. मी पहिल्यांदा आलो तेव्हा शेजारी बसलेला मित्र बोलता बोलता गप्प झाला. गंमत म्हणजे हे सुख मिनिटभराचं, कारण पुढचा ब्रेंट स्पेन्स पूल दुमजली आहे आणि शहराकडे जाणाऱ्या गाड्या खालच्या मजल्यावरून जातात. डोक्यावर लोखंड, पुढे ट्रक, शहर गायब.

म्हणून सिनसिनाटी पायी बघावी, केंटकीतल्या कव्हिंग्टनच्या काठावरून. समोर रोब्लिंगचा निळा झुलता पूल. 1866च्या अखेरीस तो पहिल्यांदा खुला झाला तेव्हा 1,057 फुटांचा त्याचा गाळा जगात सगळ्यात लांब होता. याच जॉन रोब्लिंगनं पुढे ब्रुकलिन ब्रिजचा आराखडा केला. पुलावरचा रस्ता लोखंडी जाळीचा आहे, त्यामुळे गाडी गेली की तो गुणगुणतो. मागे 1930चा केरू टॉवर, आणि त्याच्याहून उंच 2011चा ग्रेट अमेरिकन टॉवर, माथ्यावर पोलादी मुकुट घातलेला. राजकन्या डायनाच्या मुकुटावरून तो सुचला म्हणतात. दिवसा मला जरा लग्नातल्या स्टेजसारखा वाटतो. रात्री दिवे लागले की माफ करून टाकतो.

एक गोष्ट मला बरीच वर्षं ठाऊक नव्हती. हायवेवरून सिनसिनाटीचा पश्चिमेचा भाग जो मोकळा मोकळा दिसतो, तिथे एके काळी दाट वस्ती होती. 1950-60च्या दशकांत हायवे आणि गोदामांसाठी ती पाडली, सुमारे 25 हजार माणसं हलवली, जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय. पिट्सबर्गमध्येही लोअर हिल भागात तेच झालं, सुमारे 8 हजार माणसं गेली आणि जागेवर स्टेडियम नि पार्किंग आलं. डाउनटाउन लांबून एवढं सुटं, कोरून काढल्यासारखं दिसतं त्यामागे हेही एक कारण आहे.

ऑस्टिन आणि नॅशव्हिल का नाही, असं कुणीतरी कमेंटमध्ये विचारेलच. नॅशव्हिलची दोन कानांची 'बॅटमॅन बिल्डिंग' मला आवडते. ऑस्टिनमध्ये 1983पासून नियम आहे की ठरावीक ठिकाणांहून विधानभवनाचा घुमट दिसलाच पाहिजे, त्यामुळे उंच इमारती त्या दृष्टिरेषा चुकवत उभ्या राहतात. कल्पना सुरेख. पण तिथे दर दोन वर्षांनी फोटो शिळा होतो, आणि बऱ्याच इमारती कुठल्याही शहरात उचलून ठेवल्या तरी चालतील अशा.

पिट्सबर्गच्या इमारती मात्र दुसरीकडे शोभणार नाहीत. तिथे प्रत्येक शेठनं आपला माल अंगावर घातलाय. ॲल्युमिनियमच्या अल्कोआनं 1953 साली ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढवलेली तीस मजली इमारत बांधली. पीपीजी ही तेव्हा काचेची कंपनी. तिनं 1984 साली काचेचा किल्ला उभा केला, 231 सुळके आणि 19,750 काचांचे तुकडे. आणि यूएस स्टीलनं 1970 साली 64 मजली, 841 फुटांचा पोलादी टॉवर बांधला, तोही न रंगवता. माझ्या वडिलांनी तो पाहिला आणि म्हणाले, "एवढी मोठी कंपनी, रंगाला पैसे नव्हते?" ते कॉर-टेन पोलाद आहे. त्यावर सुरुवातीला गंजाचा थर धरतो आणि मग तोच थर आतल्या धातूला सांभाळतो. पहिली काही वर्षं गंजाचं पाणी ओघळून खालचे फूटपाथ तांबडे झाले होते, हेही मी वडिलांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं. आज त्या टॉवरच्या माथ्यावर यूपीएमसी या हॉस्पिटलवाल्यांची अक्षरं आहेत. शहराचा पैसा आता कुठून येतो ते खालून वाचता येतं.

ही सगळी मंडळी दोन नद्यांच्या बेचक्यात, एका छोट्याशा त्रिकोणात दाटीनं उभी आहेत, कारण पसरायला जागाच नाही. आणि पलीकडच्या काठावर माउंट वॉशिंग्टनचा कडा, नदीपासून सुमारे 400 फूट उंच. वर जायला 1870 आणि 1877 सालच्या, रुळांवरून कडा चढणाऱ्या-उतरणाऱ्या दोन गाड्या अजून चालतात. निसर्गानं प्रेक्षकांसाठी सज्जा बांधून दिलाय.

पण तुम्ही आधी सज्जात जाऊ नका. कोलंबसहून निघालात की तीन तासांनी फोर्ट पिट बोगदा लागतो. तोवर नुसती झाडी आणि टेकड्या, एवढं शहर जवळ आल्याची खूणही नाही. किलोमीटरभर पिवळट उजेडात जाता, आणि बोगदा संपतो तो थेट पुलावर, वरच्या मजल्यावर. नद्या, पिवळे पूल, काचेचा किल्ला, गंजलेला टॉवर, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. आम्ही एकदा आईला घेऊन पिट्सबर्गजवळच्या पेन हिल्सच्या बालाजीला निघालो होतो. मागच्या सीटवर तिचं विष्णुसहस्रनाम चाललं होतं. ते मध्येच थांबलं, आणि तिनं विचारलं, "आलं का मंदिर?"

तेवढ्यासाठी एक करा. त्या दिवशी गाडी दुसऱ्या कुणाला चालवायला द्या आणि स्वतः शेजारी, उजवीकडे बसा. चालवणाऱ्याला काही दिसत नाही. त्याला पुलावर शंभर-दोनशे मीटरच्या आत लेन बदलायची असते, आणि तो चुकला तर तुम्ही बालाजीऐवजी बेसबॉलच्या स्टेडियमला पोचाल. आम्ही पोचलो होतो.