चार मोबाईल, एक बोर्ड आणि शेजारी कूलर

माळ्यावरून कूलर खाली उतरले की मला एकाच गोंधळाची पत्रं यायला लागतात. घरात यूएसबीवर चालणाऱ्या वस्तू सात-आठ, भिंतीवर पॉइंट दोन, मग करायचं काय?

सर, लॅपटॉपच्या ६५ वॅटच्या टाइप-सी चार्जरवर मोबाईल लावला तर जळेल का?

नाही. मोबाईल मागेल तेवढीच वीज चांगला चार्जर देतो.

चार पोर्टच्या चार्जरवर ६५ वॅट लिहिलंय, पण चारही मोबाईल रडतखडत चार्ज होतात. फसवलं का मला?

अर्धवट. ६५ हा आकडा बहुधा एकच पोर्ट वापरला तर मिळणारा असतो. बाकीचे लावले की वाटणी होते आणि ती खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत छापतात. छापलीच नसेल तर घेऊ नका. नवी केबल खोचली की इतर पोर्ट क्षणभर थांबू शकतात, तो बिघाड नव्हे. राउटर मात्र त्यावर लावू नका, दर वेळी बंद होऊन चालू होईल.

सीताबर्डीहून अडीचशे रुपयांत तीन सॉकेट आणि चार यूएसबीचा बोर्ड आणला. खिडकीत ठेवतो. त्यावरच कूलर आणि चार मोबाईल. दुकानदार म्हणाला, 'एमसीबी आहे ना घरात? मग काही होत नाही.' लोड जास्त होतोय का? (मानेवाडा)

लोडचं सोडा. मोबाईल आणि घरगुती कूलर मिळून ६ अँपिअरच्या धड बोर्डाला जड नाहीत. मला भीती वेगळीच वाटते. भिंतीत २३० व्होल्ट, मोबाईलच्या केबलमध्ये ५ किंवा ९. या दोघांना वेगळं ठेवतो तो बोर्डातल्या यूएसबीच्या डबीतला बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याखाली सर्किटवर सोडलेली साधारण पाच-सहा मिलिमीटरची कोरी पट्टी. गेल्या मे महिन्यात असाच एक बोर्ड मी टेबलावर उघडला. ती पट्टी दोन मिलिमीटरही नव्हती आणि तिच्यात सोल्डरचा एक थेंब लोंबत होता. हाताला वजनदार लागावा म्हणून तळाशी लोखंडाची पट्टी चिकटवलेली! तो थेंब टेकला की २३० व्होल्ट थेट मोबाईलच्या धातूच्या कडेपर्यंत. त्यात खिडकीत कूलरचे तुषार, खाली ओली फरशी, आणि 'हॅलो' म्हणायला उचललेला चार्जिंगवरचा फोन. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, तरी हा संसार एकाच बोर्डावर मांडायचा?

आणि एमसीबी? लोड जास्त झाला की आपोआप पडणारा तो स्विच वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाचा जीव घ्यायला शंभरेक मिलिअँपिअर पुरतात, ६ अँपिअरच्या एमसीबीला ते कळतही नाही. त्यासाठी करंट गळला की वीज तोडणारा स्विच, म्हणजे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो आणि अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोचलेलं लागतं. तिसऱ्या भोकात वायर जोडलेलीच नाही, अशी घरं मी रोज बघतो.

तेव्हा तो बोर्ड काढा. कूलर भिंतीतल्या तीन पिनच्या स्वतंत्र पॉइंटवर लावा. मोबाईलसाठी वेगळा चार्जर घ्या, त्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून उत्पादकाचं नाव जुळतं का, हे दुकानातच तपासा, कारण खोटे क्रमांकही छापतात. आरसीसीबी आणि अर्थिंगचं काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, शेजारच्या हौशी भाच्याकडून नको.

चार्जिंगला लावला की लॅपटॉपची कडा झिणझिणते. मुलगा म्हणतो, चप्पल घाल. (धरमपेठ)

दोन पिनच्या चांगल्या चार्जरमधूनही फिल्टरच्या कपॅसिटरमुळे किंचित करंट गळतो, तो धोक्याचा नसतो. पण झिणझिण चांगल्या चार्जरची की फुटक्या इन्सुलेशनची, हे बोट लावून मलाही सांगता येत नाही. चप्पल हा इलाज नव्हे. चार्जर तपासून घ्या, तोवर वापरू नका.

मोबाईलची पाठ थोडी फुगली आहे, पण चालतोय. दिवाळीत बदलला तर चालेल ना?

नाही. फुगलीय ती आतली बॅटरी. आजच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, सर्व्हिस सेंटरला न्या. नेताना स्कूटरच्या डिक्कीत मात्र टाकू नका. पारा ४४-४५ वर असताना उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टी झालेली असते.